ज्येष्ठांची तपासणी: आठवण, चाल आणि रक्तवाहिन्या एकत्र बघायला हव्यात

मृदुला_फिजिओ

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे. गुडघे, कंबर, पडून मोडलेलं खुब्याचं हाड, अर्धांगवायूनंतरचे व्यायाम. सोबत मुलगा किंवा सून जाडजूड फाइल घेऊन येते. त्यात दरवर्षीच्या 'फुल बॉडी चेकअप'चे रिपोर्ट असतात, पानंच्या पानं आकडे असतात. पण हा माणूस हात न टेकता खुर्चीतून उठतो का, चालतो किती वेगाने, अंथरुणातून उठून उभा राहिला की बीपी किती उतरतं, पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले तीन शब्द त्याला आठवतात का, याबद्दल त्या फाइलमध्ये एक अक्षर नसतं. म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की ज्येष्ठांची आठवण, चाल आणि रक्तवाहिन्या या तीन गोष्टी एकाच बैठकीत, एकाच माणसाने बघायला हव्यात. आज आठवणीसाठी न्यूरॉलॉजिस्ट, चालीसाठी हाडांचे डॉक्टर आणि बीपीसाठी फिजिशियन अशी वाटणी झालीय. तिघेही आपापलं काम नीट करतात, तरी या तिन्हींना जोडणारा धागा कुणाच्याच हाती लागत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण ऑक्सिजन तो वीस टक्के वापरतो. त्याच्या खोल भागाला रक्त पोचवणाऱ्या धमन्या अतिशय बारीक असतात, आणि एक बंद पडली तर शेजारची तिचं काम फारसं उचलू शकत नाही. वर्षानुवर्षं चढं राहिलेलं बीपी, शुगर, तंबाखू यांनी या धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. नियोजन, लक्ष, विचारांचा वेग, पाऊल उचलणं, लघवीवरचा ताबा या सगळ्यांचे तंतू याच भागातून जातात. त्यामुळे इथे बिघाड झाला की माणूस नावं विसरण्याच्या आधी मंदावतो. पावलं आखूड पडतात. वळताना तोल जातो. बाथरूमला पोचेपर्यंत धीर निघत नाही. जी कामं आपणहून करायचा ती सुरूच करत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. किंवा म्हणतात, आळशी झालेत.

असेच एक निवृत्त शिक्षक गुडघ्यासाठी आले होते. गुडघे वयाच्या मानाने ठीक होते. चालवून बघितलं तर पावलं जमिनीलगत सरकत होती. चालता चालता मी विचारलं, "सर, शाळा कुठली तुमची?" ते थांबले, उत्तर दिलं आणि मग पुन्हा चालायला लागले. दोन्ही गोष्टी एकत्र जमत नव्हत्या. मग कागद दिला आणि सांगितलं, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. गोल सुरेख काढला, शिक्षकाचाच हात तो. १२ वर लिहिले आणि उजवीकडून आकडे लिहीत सुटले. सहाच्या जागेवर पोचेपर्यंत नऊ संपले होते आणि डावी बाजू जवळजवळ रिकामी राहिली. काटे काढले ते एक अकरावर, दुसरा दहावर. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर, हे रूपांतर त्या क्षणी त्यांना झालं नाही. तीन शब्द मात्र तिन्ही आठवले. म्हणजे 'स्मरणशक्ती चांगली आहे' असं कुणीही सहज म्हटलं असतं. फिजिशियनकडे पाठवलं. बीपी १७०च्या वर होतं आणि गोळी ते डोकं दुखेल त्या दिवशीच घेत होते. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात पक्षाघाताच्या जुन्या बारीक झटक्यांच्या खुणा निघाल्या. ते झटके कधी येऊन गेले, घरात कुणालाही माहीत नव्हतं.

चालीची तपासणी करायला यंत्र लागत नाही. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायचं. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेल्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतली ताकद उतरली असं समजतात. सहा मीटर अंतर नेहमीच्या वेगाने चालायला सहा सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली आला, तर तोही इशारा. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. यात माझं लक्ष घड्याळापेक्षा वळण्याकडे असतं. नीट चालणारा माणूस दोन-तीन पावलांत वळतो. धोक्यातला माणूस जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत वळतो, भिंतीला हात लावतो.

हाताच्या पकडीसाठी डायनामोमीटर नावाचं छोटं उपकरण असतं. पुरुषांत २८ किलोच्या खाली आणि बायकांत १८ किलोच्या खाली पकड गेली तर स्नायू झिजलेत असा संशय घ्यायचा. वजन तेच असतं, पण स्नायू जाऊन चरबी आलेली असते, त्यामुळे वजनकाट्यावर हे कळत नाही.

बीपीबद्दल आणि पायाच्या रक्तवाहिन्यांबद्दल इथल्या डॉक्टरांनी लिहिलं तर बरं होईल.

निशिगंधा

मृदुलाताई, वाचनखूण साठवली. माझ्या आईचं वय ७१. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण रात्री बाथरूमला उठताना दोनदा पडली. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. ती म्हणते, "उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते." हे कुठल्या तपासणीत कळेल?

एमडी_मेडिसिन

निशिगंधा, तुमच्या आईंचं झोपून आणि उभं राहून असं दोन्हीचं बीपी बघायला हवं. पाच मिनिटं शांत झोपवून मोजायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभं राहिल्यावर पडणारं बीपी म्हणतात. ओपीडीत बसवून एकदाच मोजलं जातं, तेव्हा ते पूर्ण नॉर्मल दिसतं. मोजताना दुसऱ्या माणसाने धरून उभं राहायचं, चक्कर आली तर लगेच बसवायचं. आणि आईंच्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या आणि लघवीच्या गोळ्यांसकट, डॉक्टरांपुढे मांडा. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो. मनाने कुठलीही गोळी बंद मात्र करू नका.

घरी बीपी मोजण्याबद्दल थोडं. आधी पाच मिनिटं बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बोलायचं नाही. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्ट्याने आकडा खोटा चढा येतो. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हाताचा आकडा जास्त तोच पुढे धरा. घरी सरासरी १३५/८५ किंवा जास्त येत असेल तर ते चढं समजतात. मनगटावरची यंत्रं मी सांगत नाही. आणि मोजताना नाडीवर बोट ठेवा. ठोके अगदी अनियमित पडत असतील तर ईसीजी काढा. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या या अनियमिततेत पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, आणि तो टाळण्यासाठी चांगली औषधं आहेत.

आता पायांचं. दंडावरचं आणि घोट्यावरचं बीपी यांचं गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात. पेशंटला झोपवून, छोट्या डॉपलर पेनने रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकत पट्टा सोडायचा. दंडावर १५० आणि घोट्यावर १२० आलं तर गुणोत्तर ०.८०. ०.९० किंवा त्याखाली म्हणजे पायाच्या धमन्यांत अडथळा. अशा माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बऱ्याचदा धोक्यात असतात, म्हणून ही तपासणी पायापुरती नाही. चालल्यावर पोटरी दुखते, थांबलं की दुखणं थांबतं, ही याची खूण. पण अनेकांना काहीच दुखत नाही आणि दुखलं तरी घरी ते गुडघ्याच्या किंवा मणक्याच्या खात्यावर जमा होतं. मधुमेहींत एक अडचण आहे. धमनीत कॅल्शियम साठून ती कडक होते, पट्ट्याने दाबली जात नाही, आणि गुणोत्तर १.४०च्या वर जातं. तो आकडा जास्त आला म्हणून खूश व्हायचं नाही, मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

एका बाबतीत सावध करतो. आजकाल पॅकेजमध्ये मानेच्या धमन्यांचं डॉपलर घालतात. काहीही लक्षण नसलेल्या माणसात ते सरसकट करू नये असं अमेरिकेतल्या यूएसपीएसटीएफ या प्रतिबंधक आरोग्य समितीचं स्पष्ट मत आहे, कारण त्यातून अनावश्यक पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया होतात. याच समितीने २०२० साली असंही म्हटलं की लक्षण नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट स्मृतिचाचणी करण्याच्या बाजूने किंवा विरोधात पुरेसा पुरावा नाही. मात्र ज्यांना स्वतःला किंवा घरच्यांना बदल जाणवलाय, त्यांची तपासणी ही सरसकट चाळणी ठरत नाही. तिथे तपासणी करायलाच हवी.

रानजाई

मला प्रामाणिकपणे विचारायचंय. माझ्या साबुंना (सासरेबुवांना) डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता. निदान झालं, औषध सुरू झालं, फरक काही पडला नाही. उलट निदान कळल्यावर नातेवाइकांनी त्यांच्याशी बोलणंच कमी केलं. मग आधी कळून उपयोग काय? या चाचण्यांनी घरातल्या माणसाला एक शिक्का बसतो, एवढंच.

मृदुला_फिजिओ

रानजाई, जे तुमच्या घरी झालं ते वाईट झालं, आणि शिक्क्याची भीती खोटी नाही. तरी मी म्हणेन की लवकर बघावं. पहिलं कारण, विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात आणि ती शोधल्याशिवाय कळत नाहीत. बी१२ची कमतरता घ्या. शाकाहारी घरांत, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या मधुमेहींत, ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत ती बऱ्यापैकी दिसते. थायरॉईड आहे. नैराश्य आहे, जे म्हातारपणात अनेकदा रडण्याऐवजी विसरण्याच्या रूपाने दिसतं. किरकोळ पडल्यावर काही आठवड्यांनी कवटीखाली साठणारं रक्त आहे. आणि मेंदूतलं पाणी वाढण्याचा एक प्रकार आहे ज्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न थांबणं आणि विसरणं या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. त्यात नळी टाकून काही जणांची चाल चांगलीच सुधारते. या शेवटच्या प्रकारात चाल बघितलीच नाही तर निदान हुकतं, अल्झायमर म्हणून सोडून दिलं जातं.

दुसरं कारण बीपी. डॉक्टर सांगतीलच.

एमडी_मेडिसिन

सांगतो. अमेरिकेत स्प्रिंट माइंड नावाचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढचे ९,००० हून अधिक लोक. एका गटात वरचं बीपी १२०च्या खाली आणायचं ठरवलं, दुसऱ्यात १४०च्या खाली. पहिल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली. डिमेन्शियाही कमी दिसला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय त्यात मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले लोक घेतलेले नव्हते. म्हणून हा आकडा बघून कुणी ८२ वर्षांच्या, उठताना चक्कर येणाऱ्या आजींचं बीपी १२० वर आणायला जाऊ नये. इथेच मृदुलाताईंचा मुद्दा लागू पडतो. बीपी किती खाली आणायचं हे ठरवण्यासाठी तो माणूस चालतो कसा, पडतो का, हे माहीत असावं लागतं.

फिनलंडमध्ये फिंगर नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६० ते ७७ वयाचे १,२६० जण. आहार, व्यायाम, बुद्धीला सराव आणि बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलवर लक्ष, हे सगळं एकत्र दोन वर्षं. बुद्धीच्या चाचण्यांत त्या गटाची कामगिरी सरस ठरली. एकेक गोष्ट सुटी न देता सगळं मिळून दिलं, हे त्यातलं महत्त्वाचं. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली, आणि ती सगळी दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येईल असा अंदाज दिला. त्यात बीपी, शुगर, एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव हे सगळं आहे, जे आपण 'हृदयासाठी' म्हणून आधीपासून सांगतो.

रानजाई

धन्यवाद डॉक्टर. बरी होणारी कारणं तपासली होती का, हे आम्ही कधी विचारलंच नाही. साबांच्या (सासूबाईंच्या) वेळी विचारेन.

मुक्कामपोस्ट_औसा

घड्याळ काढायचं वाचलं आणि राहवलं नाही. माझी आजी कधी शाळेत गेली नाही. तिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही. शहरातल्या एका दवाखान्यात तिला कागद-पेन्सिल देऊन घन काढायला सांगितला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. 'स्कोअर कमी आहे' असं सांगून डिमेन्शियाचा रिपोर्ट दिला. आजी घरी येऊन कुठल्या म्हशीने किती दूध दिलं, कुणाकडे किती उसनं आहे, सगळं तोंडपाठ सांगते. कोणाची बुद्धी मोजली त्यांनी?

मृदुला_फिजिओ

अगदी बरोबर बोललात, आणि हा या विषयातला सगळ्यात मोठा अन्याय आहे. ३० गुणांच्या ज्या दोन चाचण्या जगभर चालतात, १९७५ ची एमएमएसई आणि २००५ ची मोका, त्या शिकलेल्या माणसाला समोर ठेवून बनल्या. मोकामध्ये १२ वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला एका गुणाने काय होणार?

आपल्याकडे यावर चांगलं काम झालंय. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करताना एमएमएसईत बदल करून निरक्षर लोकांसाठी हिंदी चाचणी बनवली, एचएमएसई, १९९५ ची. कागदावरचं वाक्य वाचून कृती करायला सांगण्याऐवजी तपासणारा 'मी करतो तसं करा' म्हणतो आणि डोळे मिटून दाखवतो. मुंबईतल्या आयआयपीएस संस्थेने चालवलेल्या लासी या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२,००० हून जास्त लोकांना गाठलं, त्यात हाताची पकड, चालण्याचा वेग, बीपी हे सगळं मोजलं. त्याच्याच जोडअभ्यासात साठीपुढच्या लोकांच्या बुद्धीची सविस्तर तपासणी झाली आणि घरच्या माणसाचीही मुलाखत घेतली. त्यातून भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज आला. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त.

आजीसारख्या माणसांसाठी मी कागद बाजूलाच ठेवते. एका मिनिटात जेवढे आठवतील तेवढे प्राणी, किंवा बाजारात मिळणाऱ्या भाज्या सांगायला लावते. तीन शब्द ऐकवून थोड्या वेळाने विचारते. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगते. तारीख नाही विचारत, पंचमी झाली का, पेरणी झाली का, पुढचा सण कुठला ते विचारते. आणि सगळ्यात जास्त भर घरच्या माणसाशी बोलण्यावर. गेल्या काही वर्षांत बदल झालाय का? भाजीची चव बिघडली का? पैशांचा हिशोब चुकायला लागला का? गॅस चालू राहतो का? आजींची तुलना दुसऱ्या कुणाशी करायची नाही, पाच वर्षांपूर्वीच्या त्यांच्याशीच करायची.

तो रिपोर्ट पुन्हा तपासून घ्या. त्यांना ऐकू कसं येतं, मोतीबिंदू आहे का, हे आधी बघायला सांगा. न ऐकू आलेला शब्द आठवणार कसा?

आशा_गटप्रवर्तक

मी नाशिक जिल्ह्यात आशाताईंची गटप्रवर्तक आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका चाचपणारी प्रश्नावली, आमच्या आशाताई घरोघरी भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला कुणाची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का. म्हणजे कागदावर विचार झालेला आहे. पण घरचे 'नाही नाही, आमची म्हातारी ठणठणीत' म्हणून मोकळे होतात आणि म्हातारीला बोलूच देत नाहीत. माझी सगळ्यांना विनंती आहे, आशाताई आल्या की त्यांना आजी-आजोबांशी थेट बोलू द्या. आणि 'हो' उत्तर आलं तर त्यांना आरोग्य मंदिरात, म्हणजे गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, घेऊन जा. बीपी-शुगर तिथे मोफत बघतात, गोळ्याही मिळतात.

सत्तरीपार

मी ७६ वर्षांचा आहे. पत्नी गेली, एकटा राहतो, स्वयंपाक स्वतः करतो. या धाग्यावर सगळे आमच्याबद्दल बोलताहेत, म्हणून आमच्या बाजूने लिहितो.

आमची परीक्षा घ्यायची तर आधी आम्हाला विचारा. मुलगा-सून, नातवंडं खोलीत उभी असताना 'आजोबा, आज वार कुठला?' असं विचारू नका. उत्तर येत असूनही जीभ अडते. एका दिवाळीला घरच्यांनी मोबाइलवरून कसलीशी चाचणी काढून सगळ्यांदेखत माझ्यावर चालवली. हेतू वाईट नव्हता, पण ते मला फार लागलं. त्याउलट आमच्या विरंगुळा केंद्रात शिबिर झालं तेव्हा एका तरुण डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं, आधी सांगितलं की काका, यातले काही प्रश्न फार सोपे आहेत, काही सगळ्यांनाच अवघड जातात, मला फक्त एक आलेख काढायचाय. मग वीस मिनिटं शांतपणे विचारलं. निकालही मलाच आधी सांगितला आणि विचारलं, मुलाला कळवू का. मी हो म्हणालो.

आणि विसरण्याची भीती तुमच्यापेक्षा आम्हाला जास्त असते. रात्री झोप येत नाही ती त्याच विचाराने. तेव्हा आम्ही टाळतो ते हट्टाने नव्हे.

मृदुला_फिजिओ

काका, तुमचा प्रतिसाद मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना वाचून दाखवणार आहे. तुमची हरकत नसेल तरच.

सत्तरीपार

खुशाल दाखवा.

एडिसनकर

आम्ही न्यू जर्सीत, आई-बाबा सांगलीत. बाबा ७९, आई ७४. व्हिडिओ कॉलवर दोघेही छान बोलतात. दर वेळी गेल्यावर मात्र धक्का बसतो, बाबा आणखी हळू झालेले असतात. लांबून काय लक्ष ठेवता येईल?

मृदुला_फिजिओ

व्हिडिओ कॉलवर माणूस बसलेला असतो, इथेच फसगत होते. 'बाबा, जरा बाल्कनीतली झाडं दाखवा' म्हणा आणि फोन आईंच्या हातात द्या. उठताना हात टेकतात का, पावलं किती आखूड पडतात, वळताना काय करतात, सगळं दिसेल. हीच गोष्ट दर काही महिन्यांनी बघितली की बदल कळतो. पाच वेळा उठा-बसायची चाचणी मात्र जवळ कुणी धडधाकट माणूस असल्याशिवाय लांबून करून घेऊ नका.

गप्पांतही बघता येतं. बाबा तुम्हाला मागच्या आठवड्यातली घटना सलग, क्रमाने सांगतात का? आई मध्येच वाक्यं पूर्ण करून देते का? जोडीदार एकमेकांची उणीव इतक्या सफाईने झाकतात की एक जण आजारी पडून दवाखान्यात गेला की दुसऱ्याची अवस्था अचानक उघडी पडते. म्हणून घरी येणाऱ्या मावशींशी, औषधाच्या दुकानदाराशी, शेजारच्या काकूंशी अधूनमधून बोला. पेन्शनचा हयातीचा दाखला, वीजबिल, बँकेची कामं यंदा कुणी केली, तेही विचारा.

आणि 'हळू झालेत' ही तक्रार गंभीरपणे घ्या. जो वेर्गीस नावाच्या न्यूरॉलॉजिस्टांनी २०१३ मध्ये मांडलं की विसरण्याची तक्रार आणि मंद चाल या दोन्ही एकत्र असतील तर पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका जास्त असतो. त्यासाठी एमआरआय लागत नाही, रक्त लागत नाही. एक घड्याळ आणि मोजलेलं अंतर पुरतं.

एडिसनकर

झाडं दाखवायची कल्पना आजच वापरतो. आणखी एक, गेल्या महिन्यात बाबा दोन दिवस एकदम असंबद्ध बोलत होते, मग आपोआप ठीक झाले. तेही याच धाग्यातलं का?

एमडी_मेडिसिन

नाही, ते वेगळं आहे आणि तातडीचं आहे. तासा-दिवसांत आलेला गोंधळ, दिवसभरात कमीजास्त होणारा, याला डिलिरियम म्हणतात. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवीन गोळी, न्यूमोनिया, बद्धकोष्ठसुद्धा कारण असू शकतं. पुन्हा झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. आता ठीक असले तरी सोडियम, लघवी आणि गोळ्यांची यादी तपासून घ्या. आणि तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं यातलं काही झालं, दहा मिनिटांत बरं झालं तरी, थांबायचं नाही. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

ही गोंधळाची अवस्था चालू असताना स्मृतिचाचणी करू नये, निकाल चुकीचा येतो. पूर्ण सावरल्यावर काही आठवडे जाऊ द्या.

निशिगंधा

आईचं बीपी मोजलं. झोपून १४४/८०, उभी राहिल्यावर एका मिनिटाने ११६/७०. धरून उभी होते, तिला लगेच बसवलं. डॉक्टरांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी रात्रीची एक गोळी बदलली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. आता कोणत्या डॉक्टरांकडे पूर्ण तपासणी करावी? मोठ्या शहरांत जेरियाट्रिशियन (ज्येष्ठांच्या आजारांचे तज्ज्ञ) असतात म्हणे, आमच्याकडे डोंबिवलीत शोधतेय.

मृदुला_फिजिओ

फार छान केलंत. जेरियाट्रिशियन मिळाले तर उत्तमच, पण आपल्याकडे ते मोजके आहेत, त्यासाठी अडून बसू नका. तुमच्या नेहमीच्या फिजिशियननाच सांगा की आज औषध लिहून घ्यायला आले नाही, जरा जास्त वेळ हवाय. जमल्यास शेवटची वेळ घ्या. आईंच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट न्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्यासुद्धा. चष्मा, श्रवणयंत्र आणि रोजची चप्पल घालूनच न्या. पडल्या त्या वेळचं लिहून ठेवा: किती वाजता, उठल्यावर किती पावलांनी, शुद्ध गेली होती का.

बीपीचे आकडे मार्गी लागले की फिजिओकडून उठणं-बसणं, चाल आणि तोल तपासून घ्या आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम सुरू करा. तोवर रात्री आईंना पलंगाच्या कडेला बसून पाय हलवून मगच उठायला सांगा, आणि बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा लावून ठेवा. एबीआयसाठी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन किंवा मधुमेहाच्या पायांचं क्लिनिक बघा. डॉपलर पेन तिथे असतं.